पेशंट घरी गेल्यावर काय होतं, हे पुनर्वसनाच्या डॉक्टरने कधी शिकायचं?

सांधेजोड

नमस्कार मंडळी. मी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची, म्हणजे पीएमआरची (आजार किंवा इजेनंतर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणारी शाखा) रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर आहे. तीन वर्षांतलं दुसरं वर्ष संपत आलंय. एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात एक काका होते. पन्नाशीचे, स्ट्रोकने उजवी बाजू गेलेली. आले तेव्हा बसवलं तरी एका बाजूला कलंडायचे. सात आठवड्यांनी काठी घेऊन आणि एएफओ, म्हणजे घोटा-पाऊल सावरणारा आधार घालून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बार्थेल इंडेक्स, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात त्याचे शंभरपैकी गुण, २५ वरून ८० वर गेला. डिस्चार्जच्या दिवशी सगळा वॉर्ड दारापर्यंत आला होता. राउंडला सरांनी कौतुक केलं, माझ्या लॉगबुकात एक चांगली केस जमा झाली.

परवा ते मला दुसऱ्याच विभागात दिसले. स्ट्रेचरवर होते, माकडहाडावर खोल बेडसोर. घरी गेल्यावर पंधरा दिवसांत चालणं बंद पडलं होतं. बाथरूमचं दार अरुंद, आत काठी टेकवून वळायला जागा नाही. एकदा पडले. त्यानंतर घरच्यांनी भीतीपोटी त्यांना उठूच दिलं नाही. एएफओ घातला की पाय नेहमीच्या बुटात जात नव्हता, म्हणून तो कपाटावर ठेवून दिला. मोठ्या मापाचा बूट घ्यायचा, एवढंच सांगायला हवं होतं.

हे सगळं मला एका फोनवर कळलं असतं. मी फोन केला नाही. करायचा असतो हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तोवर माझं पोस्टिंग बदललं होतं.

माझं म्हणणं असं: आमचं शिक्षण दोन-तीन महिन्यांच्या तुकड्यांत कापलेलं आहे आणि पेशंटचं बरं होणं वर्ष-दोन वर्षं चालतं. आमच्या निर्णयांचं पुढे काय झालं ते आम्हाला दिसतच नाही. प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या वर्षीच काही पेशंट नेमून द्यावेत आणि पोस्टिंग कुठेही असलं तरी ते शेवटपर्यंत त्याच्याकडेच असावेत. किमान एकदा त्यांच्या घरी जाणं सक्तीचं असावं. तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांनी सांगा, पण पेशंट आणि घरच्यांनी जास्त सांगा.

पिंपळपार

ताई, फार प्रामाणिक लिहिलंय. वाचतोय.

विषुववृत्त

मी न्यूरॉलॉजीचा. कळकळ पटली, उपाय पटला नाही.

तीन वर्षांत तुम्हाला नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी (नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी) हातात बसवायचं असतं, सोनोग्राफीखाली इंजेक्शन द्यायला शिकायचं असतं, ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचे डोस, कृत्रिम अवयवांचं प्रिस्क्रिप्शन, मूत्राशयाची युरोडायनॅमिक तपासणी, पाठीच्या कण्याच्या इजेचं वर्गीकरण, मुलांचा सेरेब्रल पाल्सी. शिवाय थिसिस. यातलं ईएमजी पुस्तकातून येत नाही. शेकडो वेळा सुई घालून, पडद्याकडे बघत, आवाज ऐकत कान तयार व्हावा लागतो. घर बघायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, सोशल वर्कर आहेत. त्यांचं काम डॉक्टरने करायला घेतलं तर डॉक्टरचं काम कोण शिकणार?

नीलमोहर

विषुववृत्त, मी फिजिओथेरपिस्ट आहे, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही म्हणता ती कौशल्यं हवीतच. पण ती कुठे वापरायची हे थेरपीच्या हॉलमध्ये आल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण देते. एका बाईंचा पाय स्ट्रोकनंतर चांगलाच ताठ होता. ताठरपणा मोजायच्या मॉडिफाइड अॅशवर्थ श्रेणीवर ३. रेसिडेंट डॉक्टरांनी पलंगावर झोपवून पाय हलवून पाहिला, आकडा लिहिला आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत बोट्युलिनम द्यायचं ठरवलं. तांत्रिकदृष्ट्या इंजेक्शन अगदी बरोबर दिलं. दोन आठवड्यांनी बाईंना उभं राहता येईना. त्यांच्या मांडीत स्वतःची ताकद नव्हती, त्या ताठरपणावरच उभ्या राहत होत्या. ताठरपणा गेला आणि गुडघा घडी घालायला लागला. औषधाचा असर ओसरायला साधारण तीन महिने लागतात. ते तीन महिने बाई खुर्चीत होत्या.

इंजेक्शन ठरवण्याआधी त्या डॉक्टरांनी एकदा माझ्याबरोबर हॉलमध्ये येऊन, बाईंच्या कमरेला हात लावून त्यांना उभं केलं असतं, तर हातालाच कळलं असतं की हा ताठरपणा काढायचा नाही.

दुसरं, केस शीटवर तीन शब्द असतात: ‘फिजिओ चालू ठेवा’. काय चालू ठेवा? किती? कशासाठी? गोळीचं नाव, डोस, वेळा सगळं लिहिता, आणि इथे तीन शब्द. सांधेजोड, तुझ्या यादीत आणखी एक घाल: रेसिडेंटने पहिला एक महिना थेरपीच्या हॉलमध्ये काढावा. निरीक्षक म्हणून नाही, हात लावून.

सांधेजोड

नीलमोहरताई, ते तीन शब्द मीही लिहिले आहेत. यापुढे लिहिणार नाही.

गवाक्ष

थोडं विषयांतर. या शाखेला मराठीत काय म्हणायचं? एका ठिकाणी ‘भौतिक औषधशास्त्र’ वाचलं आणि डोळ्यांपुढे प्रयोगशाळा आली.

पिंपळपार

आणि ‘पुनर्वसन’ म्हटलं की धरणग्रस्त. माझ्या भावाला ‘पुनर्वसन विभागात जा’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं तर आईने विचारलं, आपलं घर कुठे बुडालंय?

जुनाफळा

आईंचा प्रश्न मला बरोबर वाटतो. माणूस ज्या घरात वावरत होता ते घर अर्धांगवायूनंतर त्याच्यापुरतं बुडालेलंच असतं. त्याला तिथे पुन्हा वसवायचं. मला हा शब्द आवडतो.

मी या शाखेत पस्तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. इंग्रजी नावाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात धाग्याचा प्रश्न दडलेला आहे. ‘फिजिकल मेडिसिन’ आणि ‘रिहॅबिलिटेशन’ ही दोन वेगळ्या मुळांची झाडं आहेत. पहिलं झाड उष्णता, पाणी, वीज, व्यायाम यांनी उपचार करणाऱ्यांचं. त्यातले फ्रँक क्रुसेन तरुण वयात क्षयाने आजारी पडून सॅनेटोरियममध्ये राहिले. पडून राहिल्याने माणूस कसा खचतो ते त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं. १९३६ मध्ये त्यांनी मेयो क्लिनिकमध्ये या विषयाची तीन वर्षांची रेसिडेन्सी सुरू केली. ‘फिजिअॅट्रिस्ट’ हा शब्दही त्यांचाच, १९३८ चा.

दुसरं झाड युद्धाने लावलं. हॉवर्ड रस्क हे फिजिशियन. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या इस्पितळांत बघितलं की जखम भरलेले सैनिक नुसतेच पडून आहेत. शस्त्रक्रिया झाली, ताप उतरला, पण पुढे जगायचं कसं हे शिकवायला कोणी नाही. तिकडे इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलला पाठीच्या कण्याच्या इजेचं केंद्र सुरू केलं. त्याआधी असे पेशंट बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बहुधा काही महिन्यांत दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घातला आणि तो पाळला जातो का हे बघायला रात्रीबेरात्री स्वतः वॉर्डात फिरायचे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

अमेरिकेत १९४७ मध्ये या विषयाचं स्वतंत्र बोर्ड झालं तेव्हा नावात फक्त ‘फिजिकल मेडिसिन’ होतं. ‘रिहॅबिलिटेशन’ १९४९ मध्ये जोडलं गेलं. म्हणजे तंत्र आधी आलं, माणसाचं पुढचं जगणं मागून येऊन चिकटलं. विषुववृत्त पहिल्या झाडाबद्दल बोलताहेत आणि सांधेजोड दुसऱ्या. अभ्यासक्रमात अजूनही पहिल्याचं पारडं जड आहे, कारण सुई टोचलेली मोजता येते. लॉगबुकात सही घेता येते.

माझ्या युनिटात मी काही वर्षं सांधेजोड म्हणतात तसं केलं होतं. वेळ मिळाला की सविस्तर लिहितो.

दोनचाकी

मला टी-४ ची, म्हणजे छातीच्या भागातल्या चौथ्या मणक्यापाशी पाठीच्या कण्याची इजा होऊन अकरा वर्षं झाली. व्हीलचेअरवर आहे, नोकरी करतो, गाडी हातांनी चालवतो. शिकवताना पेशंटलाच शिक्षक करा, एवढंच माझं म्हणणं. का ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी मूत्रमार्गाच्या एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालो होतो. कॅथेटर घातलेला. रात्री एकाएकी डोकं फुटेल असं दुखायला लागलं. चेहरा लाल, छातीवरून घाम, नाडी मंद. बीपी २१० वर. ड्युटीवरचा मुलगा हुशार होता, धावत आला, पण त्याने मला आडवं केलं आणि बीपीची गोळी मागवली. मी ओरडून सांगत होतो की मला बसवा, नळी बघा. त्याला वाटलं मी घाबरून बोलतोय. शेवटी नर्सताई आल्या, त्यांनी आधी पलंगाचं डोकं वर केलं आणि चादर उचलली. नळी माझ्या मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, पाऊण लिटर लघवी आली, दहा मिनिटांत बीपी उतरलं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. टी-६ किंवा त्याच्या वरची इजा असणाऱ्याला होऊ शकतो. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊही शकतो. आधी बसवायचं, घट्ट कपडे सैल करायचे, मग मूत्राशय बघायचं, मग आतडं. बीपी तरीही चढलेलं राहिलं तर औषध. त्या मुलाने हे वाचलं नक्की असणार. परीक्षेत विचारलं असतं तर सगळं घडाघडा लिहिलंही असतं. पण ‘हे ज्याला होतं तोच तुला सांगतोय’ यावर विश्वास ठेवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्रपाळी

दोनचाकी, मी ती नर्सताई नव्हे, पण असे तीन प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेत. आमच्याकडे नवीन रेसिडेंट आले की मी पहिल्या रात्री त्यांना एक काम सांगते: एका पेशंटची कूस माझ्याबरोबर बदला. दोन तासांनी परत या. परत दोन तासांनी. सकाळी त्यांना विचारते, टाचेखाली हात घालून बघितलात का? उशी कुठे ठेवलीत? दोन गुडघ्यांच्या मध्ये काही होतं का? एक रात्र एवढं केलं की ऑर्डर शीटवर ‘दोन तासांनी पोझिशन बदला’ लिहिताना हात थोडा थांबतो. किती माणसं लागतात हे कळलेलं असतं.

तिसरापाय

उशीचा विषय निघालाच आहे तर. मी कृत्रिम पाय बनवतो. गुडघ्याखाली पाय कापलेला पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा कितीदा तरी त्याचा गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडलेला असतो. कारण? दुखतंय म्हणून कुणीतरी मायेने उरलेल्या पायाखाली उशी दिलेली असते. आठवडेच्या आठवडे. मग गुडघा सरळ होत नाही आणि आखडलेल्या गुडघ्यावर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, बसवणं म्हणजे वाकड्या खांबावर तुळई. गुडघा सरळ ठेवा, रोज थोडा वेळ पालथं झोपवा, खुर्चीत बसताना खाली फळी द्या. एवढ्यावर माझं आणि पेशंटचं अर्धं वर्ष वाचतं.

रेसिडेंट डॉक्टर माझ्याकडे प्रिस्क्रिप्शन पाठवतात. प्रिस्क्रिप्शन चांगलं असतं. पण प्लास्टरचं माप कसं घेतात, वजन कुठल्या हाडावर टेकवायचं आणि कुठल्यावर अजिबात नाही, हे बघायला किती जण आले? माझ्या आठवणीत चार. त्या चौघांची प्रिस्क्रिप्शनं मी नाव न वाचता ओळखतो. आणि पाय दिल्यावर तीन महिन्यांत स्टंप, म्हणजे उरलेला पाय आक्रसतो, सॉकेट ढिला होतो, मोजे वाढवावे लागतात, हे पेशंटला आधी सांगितलं नसेल तर तो समजतो पायच खराब दिला. मग तो पाय खाटेखाली जातो. सांधेजोड यांच्या एएफओसारखाच.

विषुववृत्त

सगळं वाचलं. काही मागे घेतो, काही नाही.

मागे घेतो ते हे: घर बघणं हे दुसऱ्याचं काम आहे असं मी म्हणालो होतो. नीलमोहर यांचं बोट्युलिनमचं उदाहरण वाचून माझ्याच एका पेशंटची आठवण झाली. ते चुकलंच होतं.

मागे घेत नाही ते हे: पाच-सहा पेशंट जवळून पाहिले की डॉक्टर शहाणा होतो हे खरं, पण तेवढ्यावर शाखा उभी राहत नाही. या क्षेत्रात मायेने केलेलं आणि डोळ्यांना पटलेलं पुष्कळदा चुकतं. स्ट्रोकनंतर जितक्या लवकर उठवाल तितकं चांगलं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. २०१५ मध्ये ‘अॅव्हर्ट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देशांतले २१०४ पेशंट. २४ तासांच्या आत आणि वारंवार, जोमाने उठवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा कमी चांगली निघाली. हे कुणाला एका वॉर्डात फिरून कळलं नसतं.

आणि चाचणी कधी करायची हेही विज्ञानच. नस दुखावल्यावर पाचव्या दिवशी ईएमजीला पाठवतात. स्नायूची नस तुटल्याच्या खुणा ईएमजीत नीट दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. पेशंटला सुया टोचून घ्याव्या लागतात आणि रिपोर्ट येतो ‘विशेष काही नाही’. घरच्यांना वाटतं काही झालंच नाही. ही चूक करणारा डॉक्टर पेशंटच्या घरी दहा वेळा गेला तरी उपयोग नाही.

जुनाफळा

विषुववृत्त, दोन्ही पाहिजे यावर आपलं एकमत आहे. अॅव्हर्टबद्दल एक पुस्ती: ‘उठवू नका’ असा त्याचा अर्थ काही विद्यार्थ्यांनी घेतला होता. नेहमीच्या उपचारांच्या गटातलेही बरेच पेशंट पहिल्या दिवसात उठवले गेले होते. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, अनेकदा, असा त्यातून निघालेला सल्ला आहे. म्हणजे चाचणी वाचायलाही शिकवावं लागतं.

आता माझ्या युनिटात काय केलं ते. प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या सहा महिन्यांत पाच पेशंट: एक स्ट्रोक, एक पाठीचा कणा, एक पाय कापलेला, एक मूल, आणि पाचवा त्याच्या पसंतीचा. डिस्चार्जनंतर सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष अशा वेळी फोन, आणि शक्य तिथे एक घरभेट ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर. वहीत लिहायचं. पण काय लिहायचं? पहिल्या वर्षी मुलं ताकद किती, वाक किती, तेवढंच लिहून आणायची. मग मी आयसीएफची चौकट दिली. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची. त्यात शरीरात काय बिघडलंय हे एका बाजूला, माणूस काय करू शकतो हे दुसऱ्या, जगण्यात कुठे कुठे भाग घेतो हे तिसऱ्या, आणि या सगळ्याला अडवणारा किंवा हात देणारा भोवताल. मी एकच अट घातली: शरीराबद्दल एक वाक्य लिहिलंत तर बाकीच्यांबद्दल तीन लिहा.

एक मुलगी परत येऊन म्हणाली, सर, पेशंटचा हात सुधारला नाही पण ते आता मुलीच्या शाळेच्या सभेला जातात, हे कुठल्या रकान्यात लिहू? त्या दिवशी मला वाटलं, ही आता या शाखेची झाली.

चार वर्षं चाललं. मग मी दुसरीकडे गेलो आणि ते थांबलं. कुणी बंद केलं नाही. परीक्षेत त्याला गुण नव्हते, एवढंच कारण पुरलं. सांधेजोड, जे टिकवायचं असेल ते मूल्यमापनात घाला. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एका टेबलावर ती वही ठेवा. परीक्षकाने विचारावं, या पेशंटचं सहाव्या महिन्यात काय झालं?

कोजागिरी

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती आता सोळा वर्षांची. मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते.

सोळा वर्षांत मी आमची गोष्ट किती वेळा पहिल्यापासून सांगितली असेल याची गणती नाही. दर तीन महिन्यांनी ओपीडीत नवीन चेहरा. ‘कितव्या महिन्यात जन्म? किती वजन? रडली होती का?’ ती समोर बसलेली असते, तिला सगळं कळतं. जन्मल्यावर ती रडली नव्हती हे तिने स्वतःच्या कानांनी पन्नास वेळा ऐकलंय.

मोठ्या माणसाच्या स्ट्रोकमध्ये निदान शरीर तेवढंच राहतं. मूल वाढतं. हाडं भराभर वाढतात, ताठ स्नायू मागे राहतात. सहाव्या वर्षी बरोबर असलेला स्प्लिंट सातव्या वर्षी टोचतो. तिचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकत होता. दुखत नव्हतं म्हणून आम्हाला कळलं नाही. ठरावीक अंतराने एक्स-रे काढून मोजायचा असतो हे एका डॉक्टरांना माहीत होतं, पण ‘आधीच्या डॉक्टरांनी काढला असेल’ असं त्यांना वाटलं. त्याआधीच्यांना वाटलं पुढचे काढतील. एक्स-रे निघाला तेव्हा शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरला नव्हता. यात कुणा एकाची चूक होती असं मला आजही वाटत नाही. सगळे चांगले होते. पण ती कुणा एकाची पेशंट नव्हती.

म्हणून सांधेजोड, तुझा धागा वाचून मला रडू आलं. एक डॉक्टर तीन वर्षं एकच. तेवढं जरी मिळालं असतं.

आता ती अठराची होईल तेव्हा मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जावं लागेल. तिथे तिला कुणीच ओळखत नाही. याचं शिक्षण तुमच्याकडे असतं का?

नीलमोहर

कोजागिरीताई, नसल्यासारखंच असतं. तुमच्याकडे वही असेल तर तिची एक पानभर गोषवारा-चिठ्ठी करून ठेवा, शस्त्रक्रिया, एक्स-रेच्या तारखा, कोणतं औषध का बंद केलं ते. आणि लेकीलाच ती वाचून दाखवायला शिकवा. पुढच्या डॉक्टरांशी तिने बोलावं.

कोजागिरी

वह्या सात आहेत. करते. ती स्वतः टाइप करेल, तिला आवडेल.

उंबरठा_पार

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा सकाळपासून वाचतोय. ही शाखा घ्यावी असं पहिल्यांदाच वाटतंय, पण घरचे म्हणतात यात शस्त्रक्रिया नाही, जीव वाचवणं नाही. शिवाय सगळे फिजिओ समजतात. काय सांगू?

सांधेजोड

घरच्यांना दोनचाकी यांचा प्रतिसाद वाचून दाखव. जीव वाचवणं त्यात आहे.

कामाची कमतरता म्हणशील तर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे जगात सुमारे २४१ कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांत एकाला, पुनर्वसनाच्या सेवेचा कधी ना कधी उपयोग होईल अशी आजारपणं आहेत. मुदत देशागणिक वेगळी: अमेरिकेत पहिलं पायाभूत वर्ष धरून चार वर्षं, युरोपात बऱ्याच ठिकाणी चार ते पाच, आमच्याकडे तीन. फिजिओ समजतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्याइतकं हाताने कळायला लागलं तर आपण नशीबवान.

स्वभावाचं मात्र बघ. इथे पेशंट महिनोन् महिने तेवढाच दिसतो आणि एक दिवस तो आपण होऊन कूस बदलतो. त्या दिवशी तुला आनंदाने घरी फोन करावासा वाटेल का? वाटणार असेल तर ये.

रात्रपाळी

मी अजूनही करते घरी फोन. मुलं विचारतात, आज कोण उभं राहिलं?

गवाक्ष

हा प्रतिसाद वाचून सकाळ सुंदर झाली.

सांधेजोड

पाच आठवड्यांनी परत आलेय, मूळ प्रश्नाकडे.

जुनाफळा सरांची पद्धत घेतली. माझ्या जुन्या लॉगबुकातून सहा पेशंट काढले आणि फोन लावले. दोन नंबर लागले नाहीत. एक आजोबा गेले, तीन महिन्यांपूर्वी, न्यूमोनियाने. त्यांच्या सुनेने मला विचारलं, ‘गिळताना ठसका लागायचा, ते सांगायला हवं होतं का आम्ही?’ मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. डिस्चार्ज कार्डावर गिळण्याबद्दल एक ओळ होती, ती मीच लिहिली होती, इंग्रजीत. आता डिस्चार्जच्या आधी घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून पेशंटला भरवायला लावते आणि बघते.

चौथ्या बाई उत्तम आहेत, माझ्यापेक्षा जास्त चालतात. पाचव्यांची व्हीलचेअर त्यांच्या दारातून आतच जात नव्हती. आठ महिने ती बाहेर उभी होती आणि ते आत. मी मापाचं पत्रक लिहिताना त्यांच्या मांड्यांची रुंदी मोजली होती, पाठीची उंची मोजली होती. दार विचारलं नव्हतं.

सहावे म्हणजे धाग्यातले काका. बेडसोर भरत आलाय. त्यांच्या घरी ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर गेले. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं, आत दोन ठिकाणी भिंतीला दांडा बसवायचं ठरलं. बूट मोठा घेतला आहे. काकांनी तो मला दाखवला, एका हाताने त्याची पट्टी ओढून लावून. मग म्हणाले, ‘या.’ स्ट्रोकनंतर त्यांची भाषा गेली होती, वॉर्डात सात आठवडे मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

विभागप्रमुखांशी बोलले. ते म्हणाले, करा, पण रविवारी, आणि लॉगबुकात धरता येणार नाही. विचार करतेय की थिसिसचा विषयच हा घ्यायला हवा होता. तो तर आता बदलता येणार नाही, पण पहिल्या वर्षाच्या दोघांनी स्वतःहून पाच-पाच नावं घेतली आहेत.

विषुववृत्त

माझ्या ओपीडीतले स्ट्रोकचे पेशंट तुमच्याकडे पाठवताना मी यापुढे चिठ्ठीवर घरचा फोन नंबर आणि घरात कोण कोण आहे ते लिहीन. आणि त्या दोघांना नर्व्ह कंडक्शन शिकायला माझ्याकडे पाठवा. रविवार सोडून.

जुनाफळा

वहीचा नमुना मी टाइप करून देतो. कोणाला हवा असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करावा.

दोनचाकी

एक सूचना, फोन करणाऱ्या सगळ्यांसाठी. पाठीच्या कण्याच्या पेशंटला सकाळी फोन करू नका. सकाळी पोट साफ करण्याचा कार्यक्रम असतो, कधी तासभर, कधी दोन. मध्येच फोन वाजला की एक तर उचलता येत नाही, नाहीतर मदतीला असलेलं माणूस उठून जातं आणि सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी चारनंतर करा. आणि पहिला प्रश्न ‘हात-पाय कसे आहेत’ असा नको. ‘काल कुठे गेला होतात’ असं विचारा.

सांधेजोड

चारनंतर. भिंतीवर लिहून लावलं, फोनच्या वर. तुमचा प्रश्नही.